टोबीचा घसा

प्रभावतीबाईंनी "अरे थांब, थांब!" म्हणेपर्यंत टोबीने ठेच्याचा अख्खा गोळा भाकरीवर पसरून तोंडात घातला होता.

पसरला तोही कसा, तर पावाला लोणी लावावं तसा. अगदी कडेपर्यंत, मन लावून. त्यांचा मुलगा यशपाल टोबीच्या शेजारीच बसला होता. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ज्या संस्थेत तो नोकरीला होता तिथे सेकंदाचेही बारीक तुकडे करून मोजायचे, पण एवढ्या जवळून त्याला टोबीचा हात अडवता आला नाही. टोबीने दोनदा चावलं आणि हसून मान डोलावली. तिसऱ्यांदा चावताना तो थांबला. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. उठून उभा राहिला, खाली बसला आणि असा खोकायला लागला की सतरंजीवर बसलेले त्याचे तिघे साथीदार भाकरी हातात धरून बघत राहिले.

"साखर दे, साखर! अरे बघत काय बसलास, दही आण!"

दही नव्हतं. यशपालने फ्रिजमधून क्वार्कचा, म्हणजे तिकडच्या चक्क्याचा डबा काढला आणि चमचा न शोधता तसाच टोबीच्या हातात दिला. टोबीने तो बोटांनी खाल्ला. प्रभावतीबाई त्याची पाठ चोळत होत्या, मधूनच वरून थोपटत होत्या, ठसका लागलेल्या लेकराला थोपटावं तसं. बऱ्याच वेळाने खोकला थांबला. टोबीने डोळे पुसले, "मी ठीक आहे" असं सांगायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. पुन्हा प्रयत्न केला तर नुसती हवा.

टोबी त्या चौघांचा गायक होता आणि संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता.

ही इंग्लंडची पोरं यशपालच्या स्वयंपाकघरात आली कशी, तर वरच्या मजल्यावरच्या युटामुळे. शहराच्या कडेला एक डबाबंद भाज्यांचा कारखाना बंद पडला होता, त्यात युटा एक छोटासा क्लब चालवायची. ठिकठिकाणचे अनोळखी बँड बोलवायचे, त्यांना आपल्याच घरी जेवू-झोपू घालायचं, अशी तिची रीत. त्या रविवारी तिच्या न्हाणीघराचा नळ फुटला आणि घरभर पाणी झालं. ती यशपालच्या दारात येऊन उभी राहिली. चार जण, एक रात्र, जमिनीवरही चालेल.

आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली, तिला कसं विचारावं म्हणून यशपाल जरा घुटमळला. प्रभावतीबाईंनी त्याला वाक्यही पुरं करू दिलं नाही.

"गायन पार्टी दारात आलीय आणि तू परवानगी मागतोस? जालन्याला असं कुणी विचारलं असतं, तर तुझ्या पप्पांनी त्याला दारातच उभं केलं असतं. भाकरी किती टाकू तेवढं सांग."

यशपालचे पप्पा म्हणजे लहू. चौदा एप्रिल जवळ आली की लहूची गायन पार्टी महिना महिना वस्त्यांमधून फिरायची. या घरी जेवण, त्या घरी अंथरूण. हॉटेल कुणाला माहीत होतं? लहू पुढे उभा राहून गायचा, मागे ढोलकी, पेटी आणि झील धरणारे, म्हणजे पाठीमागून सूर उचलून धरणारे. त्यात प्रभावतीबाई. सोमवार ते शनिवार नगरपालिकेच्या शाळेत चौथीला भूगोल शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात नवऱ्याच्या मागे उभ्या राहायच्या. यशपाल आठवीत असताना लहूचा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर गप्प राहा. जयंती तोंडावर आलेली, लहू ऐकतो कसला! गायला. मग जो आवाज गेला तो गेलाच. पुढे दहा वर्षं तो कुजबुजत जगला आणि कुजबुजतच गेला. त्याचा आवाज गेला त्या जयंतीपासून प्रभावतीबाईही गायल्या नव्हत्या. विहारात वंदनेलाही त्यांचे नुसते ओठ हलायचे.

आणि आता हा टोबी. पंचविशीतला, ताडमाड, गळ्याची हाडं वर आलेला. हातात क्वार्कचा डबा, आवाज गायब.

"मी केलं हे," प्रभावतीबाई म्हणाल्या.

"आई, त्याचा घसा आधीच बसत आला होता. हॅम्बुर्गपासूनच, ही सांगतेय."

ही म्हणजे रूथ. चौघांतली एकटी मुलगी, ड्रम वाजवायची. बाकी दोघे सख्खे भाऊ, एक गिटारवर, एक बेसवर, आणि दोघे मिळून एका माणसाएवढंही बोलत नव्हते. बोलायचं काम रूथचं. तिने सगळं सरळ सांगितलं आणि यशपालने तितकंच सरळ मराठीत केलं. हे चौघे ग्रिम्झबीचे. ते मासेमारीचं बंदर, पण आता मासेमारी उरलेली नाही. तीन वर्षं व्हॅनमधून फिरतायत. आज लंडनच्या रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस मुद्दाम ऐकायला येतोय. त्याला आवडलं तर आवडलं. नाहीतर उद्या व्हॅन घरी न्यायची आणि विकायची. रूथने मासे पॅक करणाऱ्या कारखान्याच्या हापिसात पुन्हा येते म्हणून कळवलंसुद्धा होतं.

"नाव काय म्हणालास यांच्या पार्टीचं?"

"टाइड टेबल्स. म्हणजे वेळापत्रक."

"रेल्वेचं?"

"समुद्राचं. भरती कधी, ओहोटी कधी, त्याचं."

"मग आज ओहोटी आणली मी," असं म्हणून त्या कोमट पाण्यात मीठ घालायला उठल्या.

दुपारभर उपचार चालले. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, बॅगेच्या तळातून ज्येष्ठमधाची काडी निघाली. ती चघळत टोबी कोपऱ्यात बसून राहिला, मुकाट, शिक्षा झाल्यासारखा. तीनच्या सुमाराला थोडासा आवाज परतला. खालच्या पट्टीत, फाटका, पण आवाज. रूथने टेबलाच्या कडेवर बोटांनी ताल धरला, भावांनी गिटारी काढल्या आणि त्यांनी आपलं मुख्य गाणं लावून पाहिलं.

गाणं चांगलं होतं. यशपालला असल्या गाण्यांतलं फारसं कळत नव्हतं, पण हे चांगलं आहे एवढं त्यालाही कळलं. शेवटची बस चुकलेला एक माणूस बंदराच्या धक्क्यावरून घरी चालत निघालाय, एवढीच गोष्ट. शब्द साधे, बोलल्यासारखे. टोबी ते फाटक्या आवाजातही असा म्हणत होता की हा माणूस खोटं बोलत नाही, हे लगेच समजावं. मग गाणं वर चढू लागलं. ओळीच्या शेवटी एक लांबलचक वरचा सूर होता, तिथे तो पोचला आणि त्याचा आवाज तुटला. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच तुटला. तिसऱ्यांदा टोबीने सुरुवातच केली नाही. ज्येष्ठमधाची काडी बाजूला ठेवून तो खिडकीबाहेर बघत बसला. मोठ्या भावाने गिटार खाली ठेवली.

"रद्द करू या," रूथ म्हणाली.

प्रभावतीबाईंना कळायला भाषांतर लागलं नाही. पण त्यांना भलतंच कोडं पडलं होतं.

"यशपाल, विचार बरं. यांच्यात झील कोण धरतं?"

"झील? आई, यांच्यात तसं नसतं."

"नसतं म्हणजे?"

"म्हणजे एक जण गातो. बाकीचे वाजवतात."

"अन् वरच्या जागेला?"

"तोच गातो."

"अगं बाई! मग हे तिघं काय तोंड बघायला उभे असतात?" त्यांचा आवाज चढला. "एकटाच मरतो व्हय हा? तरीच घसा बसलाय. त्यांना सांग, पुढचा दमत आला की मागच्यांनी उचलायचं असतं. त्याने पडायच्या आधी उचलायचं, पडल्यावर नाही. पुढच्याला वाटलं पाहिजे, मी पडलो तरी गाणं पडत नाही. मग तो पडत नाही."

यशपालने हे इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. झीलला त्याच्याकडे शब्द नव्हता. त्याने हातवारे केले. रूथ भुवया आक्रसून ऐकत राहिली.

"जाऊ दे, तुला नाही जमायचं," प्रभावतीबाई म्हणाल्या. त्या उठून टोबीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, उजवीकडे, एक पाऊल मागे. त्याच्या खांद्याला हात लावून त्यांनी खूण केली: म्हण.

टोबीने ती ओळ म्हटली. बस, धक्का, अंधार. ओळ वर चढली, वरची जागा आली, आणि त्याचा आवाज तुटणार त्याच्या नेमका आधी प्रभावतीबाईंनी तो सूर उचलला.

यशपालच्या हातात हळदीच्या दुधाचे कप होते. ते त्याने हळूच ओट्यावर ठेवले. आईचा हा आवाज त्याने शेवटचा ऐकला तेव्हा तो हाफ चड्डीत होता. चिरका नाही, गोड नाही, सरळ. दोन हातांनी धरून ठेवलेली वस्तू जशी हलत नाही, तसा तो सूर हलत नव्हता. त्यात शब्दही नव्हते, नुसता लांब धरलेला आकार. त्याच्या खाली टोबीला श्वास घ्यायला भरपूर वेळ मिळाला. श्वास घेऊन तो शांतपणे पुढच्या ओळीवर आला.

"पुन्हा," प्रभावतीबाई म्हणाल्या, आणि रूथकडे बोट दाखवलं. "तूपण."

दुसऱ्या फेरीला रूथ आली, तिसऱ्या फेरीला दोघे भाऊ, आधी लाजत, मग जोरात. जर्मनीत रविवारी दुपारी गोंगाट करायचा नसतो, तेव्हा खालच्या मजल्यावरचे क्रूझे आजोबा झाडूच्या दांड्याने छत बडवू लागले. रूथने त्यांचाच ठेका टेबलावर उचलला. टोबी हसला. प्रभावतीबाई मात्र हसल्या नाहीत. सगळ्यांना आपापली पट्टी सापडल्यावर त्यांनी हळूच आपला आवाज काढून घेतला आणि भांडी घासायला लागल्या.

कार्यक्रमाला त्या गेल्या नाहीत. "माझ्याच्याने बघवणार नाही," एवढंच म्हणाल्या. यशपाल परत आला तेव्हा त्या जाग्याच होत्या. तो सांगत सुटला, लोक कसे वेडे झाले, लंडनचा माणूस कसा पुढे येऊन उभा राहिला. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"माझ्या समाधानासाठी तू काहीही सांगशील," म्हणाल्या. "पप्पांचं पण असंच सांगायचास. आज आवाज जरा बरा वाटतो म्हणून."

सकाळी व्हॅन निघाली. टोबीला आता अजिबात बोलायचं नव्हतं, घशाला विश्रांती म्हणून. त्याने वाकून प्रभावतीबाईंना मिठी मारली, मग स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं, मग त्यांच्याकडे, आणि हात जोडले. रूथ दारात थांबून अगदी स्पष्ट "जय भीम" म्हणाली. ते बाईंनी आदल्या दिवशी तिला शिकवलं होतं. व्हॅन कोपऱ्यावरून वळली.

"बघितलंस?" प्रभावतीबाई म्हणाल्या. "गळा दाखवला आणि मला दाखवलं. लेकराने हात जोडून सांगितलं की हे तुम्ही केलंत."

"अगं आई, तो आभार मानत होता!"

"असं कुणी आभार मानतं?"

ही गोष्ट दोन हजार चारच्या मे महिन्यातली. पुढचं सांगायला वेळ लागत नाही, पण घडायला चार वर्षं लागली.

लंडनच्या माणसाने त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. सुरुवातीला कुणी फारसं विचारलं नाही. मग इंग्लंडच्या रेडिओवर उशिराच्या कार्यक्रमात ते धक्क्यावरचं गाणं लागू लागलं, मग सकाळच्या. दुसऱ्या वर्षी कोलोनच्या एका हॉलमध्ये जितके आत तितके बाहेर उभे होते. यशपालच्या संस्थेत एक अतिशय गंभीर सहकारी होता, लेसरशिवाय दुसऱ्या कशावर कधी बोलला नव्हता. एके दिवशी तो कॉफी मशीनपाशी ती झील गुणगुणत उभा दिसला आणि यशपालला त्याला मिठी मारावीशी वाटली.

ते मोठे झाले, पण शहाणेही राहिले. ग्रिम्झबीची बोली सोडून गुळगुळीत इंग्रजीत गायले नाहीत. बंद पडलेली बर्फाची फॅक्टरी, दुपारी उघडणारे बार, आईच्या कोटाला येणारा माशांचा वास, हेच गात राहिले. हजारो माणसांपुढेही टोबी स्वयंपाकघरात गायल्यासारखाच गायचा आणि त्या बोलल्यासारख्या गाण्यात वरची जागा आली की तो गप्प व्हायचा. मागचे तिघे उचलायचे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. लोक त्यांना ओळखू लागले ते त्या जागेमुळेच. इंग्लंडच्या पेपरांनी लिहिलं की हे फुटबॉलच्या मैदानातून आलंय, जर्मन पेपरांनी लिहिलं की चर्चमधून. यशपाल ते वाचून एकटाच चरफडायचा.

मग एका मुलाखतीत रूथने खरं सांगितलं. यशपालने आनंदाने जालन्याला फोन लावला आणि वाचून दाखवलं. "हे आम्हाला जर्मनीतल्या एका स्वयंपाकघरात शिकायला मिळालं. तिथल्या बाईंनी दुपारी आमच्या गायकाला जवळजवळ मारलं आणि संध्याकाळपर्यंत वाचवलं."

"म्हणजे ते पण तेच म्हणतात," प्रभावतीबाई म्हणाल्या. "मारलं म्हणून."

"आणि वाचवलं म्हणाली ना!"

"ते चांगल्या वळणाची पोरगी म्हणून म्हणाली."

त्याने सीडी पाठवली. महिनाभराने त्यांचाच फोन आला.

"खोटं बोलतोस तू मला. घसा बरा झाला म्हणे! मी ऐकलं सगळं. वरच्या जागेला तो अजून गप्पच होतो. प्रत्येक वेळेला."

"आई, ती त्यांची पद्धत आहे आता. मुद्दाम करतात."

"यशपाल." त्यांचा शाळेतला आवाज लागला. "मी बावीस वर्षं गाणाऱ्याच्या मागे उभी होते. जमत असताना कुठला गाणारा वरची जागा दुसऱ्याला देतो? तुझ्या पप्पांनी कधी दिली? घसा फाटला तरी दिली नाही. या लेकराचा वरचा आवाज गेलाय. बाकीची पोरं चांगली आहेत, सांभाळून घेतात त्याला. माझ्या ठेच्याने गेलाय तो."

यशपालने चार-पाच वेळा समजावलं, मग नाद सोडला. जालन्याच्या घरात त्यानंतर ठेचा झाला नाही. शेजारणींना वाटलं, बाईंना ॲसिडिटी झाली.

दोन हजार आठच्या जुलैत त्या पुन्हा आल्या, या वेळी म्युनिकला. यशपालने नोकरी बदलली होती, लग्नही केलं होतं. बायको क्रांती मोटारीच्या कंपनीत इंजिनियर. गोष्टी फिरवून बोलायची तिला सवय नव्हती. टाइड टेबल्स म्युनिकला येतायत असं कळल्यावर तिने तिघांची तिकिटं काढली आणि जेवताना सासूबाईंच्या ताटाजवळ ठेवली.

"आई, तुम्ही चार वर्षं म्हणताय घसा गेला. हे चार वर्षं म्हणतायत नाही गेला. स्वतःच्या कानांनी ऐका आणि एकदाचं मिटवा. मला या घरात ठेचा खायचाय."

"आणि गेलेलाच निघाला तर?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

क्रांतीने त्यांच्या ताटात वरण वाढलं.

एस-बान लोकलने शहराबाहेर उतरून गर्दीबरोबर चालत ते मैदानावर पोचले. उन्हाळ्यातली म्युनिकची संध्याकाळ, आठ वाजले तरी ऊन. माणसंच माणसं, पार झाडांच्या रांगेपर्यंत. प्रभावतीबाईंनी निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती आणि त्यावर क्रांतीचं जाकीट घातलं होतं. क्रांतीने त्यांना कानात घालायला मेणाचे बोळे दिले. त्यांनी ते पर्समध्ये टाकले. "ऐकायला आलोय ना आपण?"

तिघांना कडेच्या उंचवट्यावर जागा मिळाली. स्टेज लांब होतं, माणसं बोटाएवढी दिसत होती. तरी ती चौघं पुढे आली तेव्हा प्रभावतीबाईंनी टोबीला उंचीवरून लगेच ओळखलं.

"जेवत नाही वाटतं अजून," त्या म्हणाल्या.

मग गाणी सुरू झाली. यशपाल स्टेजकडे कमी आणि आईकडे जास्त बघत होता. ती मान थोडी तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होती. पेपर तपासताना बसायची तशी. प्रत्येक गाण्यात वरची जागा यायची, टोबी थांबायचा, मागचे उचलायचे आणि मैदान खूश व्हायचं. प्रभावतीबाईंचा चेहरा मात्र उतरत चालला. एकदा त्यांनी यशपालचं मनगट धरलं.

"बघ. एकदाही गेला नाही वर."

त्या क्षणी यशपालच्याही मनात पाल चुकचुकली. चार वर्षं आपण ज्याला पद्धत म्हणतोय, ते खरंच व्यंग तर नसेल? त्याने मुलाखती वाचल्या होत्या, टोबीला वर गाताना ऐकलं कधीच नव्हतं.

शेवटी धक्क्यावरचं गाणं आलं. मैदानाला ते पहिल्या ठेक्यावर कळलं आणि हात वर गेले. बस चुकली, माणूस चालू लागला. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीच्या आधी टोबीने माइक तिथेच दांड्यावर सोडला आणि तो मागे चालत गेला. रूथच्या ड्रमपाशी दोघे भाऊ एका माइकवर उभे होते, त्यांच्या उजवीकडे, एक पाऊल मागे, तो जाऊन उभा राहिला. आणि झील उठली.

प्रभावतीबाईंनी डोळे उघडले.

"चौथा आवाज आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गप्प. चौथा आवाज आहे यात. सगळ्यात वर." त्या टाचा उंचावून उभ्या राहिल्या. "तो त्याचा आहे. यशपाल, तो त्याचा आहे! अरे, केवढा वर गेलाय बघ. स्वच्छ! कुठे खरखर नाही, कुठे काही नाही."

खरंच होतं. मागच्या माइकवरून टोबीचा आवाज सगळ्या मैदानावर ताणलेल्या तारेसारखा सरळ उभा होता. चार वर्षांत ज्या जागेला तो गप्प राहिला होता, तिथेच तो आता आरामात राहत होता.

"जमतंय त्याला," प्रभावतीबाई म्हणाल्या. "सगळं जमतंय. जमत असून देत होता." त्यांना रडू कोसळलं. त्यांनी ते लपवलं नाही. क्रांतीने त्यांना कवेत घेतलं तेव्हा त्या रडता रडता हसत होत्या. "बाई, बरा आहे त्याचा घसा! मी नाही काही केलं!"

झील चालूच होती. आता मैदानानेही ती धरली होती. हजारो माणसं तो एकच लांब सूर ओढत होती, झाडांपर्यंत, झाडांच्या पलीकडे. प्रभावतीबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि स्टेजकडे नीट बघितलं. पुढे मोकळा माइक उभा होता.

"मग पुढे कोण गातंय?"

"कोणीच नाही," यशपाल म्हणाला. "शेवटी रिकामंच ठेवलंय त्यांनी."

"कोणीच नाही?"

त्यांचा पायाने ठेका चालू होता. मग त्यांनी जाकिटाची चेन गळ्यापासून खाली ओढली, मान सरळ केली आणि लहूचं गाणं उचललं. लहूने स्वतः बांधलेलं, तळ्यावरून ओंजळभर पाणी घेऊन परतणाऱ्या माणसांचं. शब्द मराठी, चाल निराळी, पण बसवलं तर बसत होतं. आजूबाजूचे जर्मन वळून बघू लागले. कुणी हसलं नाही. ते मागचा सूर धरून राहिले. प्रभावतीबाई आयुष्यात पहिल्यांदा पुढची ओळ गात होत्या आणि एवढी मोठी झील लहूलाही कधी मिळाली नव्हती.

ओळ चढत गेली. त्यांचं वय झालं होतं. वरची जागा दिसू लागली तसा त्यांचा श्वास कमी पडू लागला. यशपालला ते ऐकू आलं. तो जन्मात कधी गायला नव्हता. पप्पांचा आवाज गेला त्या दिवसापासून त्याला गाण्याची भीती वाटत आली होती. तो आईच्या उजवीकडे सरकला, एक पाऊल मागे, आणि ती पडायच्या आधी त्याने सूर उचलला.

प्रभावतीबाईंनी श्वास घेतला. मागे वळून न बघता त्यांनी कोपराने त्याला हलकेच ढोसलं.

"खाली येतोयस," त्या म्हणाल्या. "वर धर."